चूलबंद

परवा गावच्या ग्रुपवर मेसेज आला. वर अक्काचा फोटो, गुलाबाच्या फुलांच्या चौकटीत. खाली लिहिलेलं, 'आमच्या प्रेमळ भगिनी कै. गोकुळअक्का यांची गंधमुक्ती. जेवण वरण-बट्टी, वांग्याची भाजी. सर्वांना चूलबंद आमंत्रण.' त्याच्याखाली ढीगभर जोडलेले हात.

मी वाचलं आणि फोन पालथा टाकला. वा रे गाव! अक्काचा दुखवटा सोडायच्या जेवणाला, अक्काच्याच नावाने चूलबंद! आमचे हे म्हणाले, "चल, शेजारचं घर आहे, जायला पाहिजे." म्हटलं, तुम्ही जा, मी येणार नाही. नानांची सून दोनदा बोलवायला आली. डोकं दुखतंय वगैरे थाप मी मारली नाही. सरळ सांगितलं, येत नाही. आता गावात बोलतात की जळगाववालीला शिंगं फुटली. फुटली तर फुटली.

चूलबंद म्हणजे काय हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको, पण शहरात राहिलेल्यांसाठी सांगते. गावात कार्य निघालं की यजमान नवरा-बायको आवतन द्यायला घरोघर फिरतात. साधं आवतन असलं तर घरटी एकाने जेवायला जायचं. पण यजमानाचं मन मोठं असलं की चूलबंद. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायचीच नाही. म्हाताऱ्यांपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळे आमच्याकडे. दाराशी उभं राहून यजमानाने म्हणायचं, "आज आमना घर जेवाले या, चूलबंद शे," आणि त्याच्या बायकोने घरच्या बाईला हळद-कुंकू लावायचं. आवतन माणसाला नसतं, चुलीला असतं. जितक्या चुली, तितकी आवतनं. सगळं घोडं इथेच पेंड खातं.

गोकुळअक्का म्हणजे आमच्या शेजारच्या नानांची थोरली बहीण. आमचं गाव पारोळ्याच्या अलीकडे, अक्काचं सासर शिंदखेड्याकडचं. नवऱ्याने दुसरी बायको आणली तशी ही पत्र्याची पेटी उचलून माहेरी आली, ती परत गेलीच नाही. काही वर्षं भावाच्या चुलीवर जेवली. मग एकदा भाकरी वाढताना भावजय काहीतरी बोलली. काय बोलली ते अक्काने कुणालाच सांगितलं नाही. एवढंच म्हणायची, "भाकर गयामा अटकनी." घशात अडकली ती अडकलीच. त्याच आठवड्यात नानांच्या भिंतीला लागून जे पत्र्याचं छप्पर होतं, त्यात तिने स्वतःच्या हाताने मातीची चूल घातली. दार वेगळं, पाण्याची घागर वेगळी, चूल वेगळी.

दिसायला धिप्पाड. आवाज असा की गल्लीच्या टोकाला कुत्रं उठून बसावं. कपाळावर ठसठशीत कुंकू. एका आगाऊ बाईने एकदा विचारलंही, टाकलेल्या बाईने एवढं कुंकू कशाला लावायचं? अक्का पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्या मरेलना नावनं नही लावत मी. मनं कपाय शे, मनं कुंकू शे." पुन्हा तो प्रश्न कोणी काढला नाही.

तिची माझी पहिली भेट झाली ती गल्लीतल्या एका लग्नघरी. आमच्याकडे हळदीच्या दिवशी वरण-बट्टीचं जेवण. गावच्या गाव जेवतं, म्हणून तयारी आदल्या दिवसापासून. मी नवीकोरी सून. सासूबाईंनी पाठवलं, जा, हात लाव. जाऊन बघते तर अंगणात बायकांची नुसती झुंबड, आणि मधे पाटावर अक्का बसलेली, एखादी ठाणेदारीण बसावी तशी. मी आपलं शहाणपण दाखवायला विचारलं, "बाटी कधी तळायची?"

झालं! अक्काने मान वर केली. "बाटी? बाटी राजस्थानमा ऱ्हास व माय. आठे बट्टी शे. जयगावनी पोर ना तू? बठ. पीठले हात लाव, मंग शिकशी."

बायका खो-खो हसल्या. मी मुकाट बसले. तेव्हापासून मी तिची 'जयगाववाली' झाले, आणि तिच्या तोंडी ते नाव मला आवडायचं.

काम कसं चालायचं ते सांगते. जाडसर दळलेला गहू, त्यात थोडा मका, ओवा, हळद, मीठ, कडकडीत तेलाचं मोहन. घट्ट मळायचं, इतकं घट्ट की मनगटं भरून येतील. लांबट मुटके वळायचे आणि मोठाल्या पातेल्यांतून वाफेवर उकडायचे. उकडलेल्या बट्ट्या खाटांवर धुतलेली धोतरं अंथरून त्यावर पसरायच्या, एकीला एक चिकटू द्यायची नाही. त्या अशा मोकळ्या वाऱ्यावर राहतात. दुसऱ्या दिवशी पंगत बसायची वेळ झाली की कापायच्या आणि तळायच्या. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ. वर तुरीचं वरण आणि तूप. कोणी घाईने गरम बट्टीवर कापड झाकलं की अक्का ओरडायची, "अय, काढ ते! झाकेल बट्टी आनी झाकेल बोल, दोन्ही आंबतस." तिची ही म्हण मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. तिचीच असावी.

वरणात मीठ मात्र ती स्वतः टाकायची. मुठीने, डोळे मिटून, कसलंतरी पुटपुटत. चाखायची नाही. बायका म्हणायच्या, अक्का, एकदा जिभेवर घेऊन बघा तरी. "मी काबर चाखू? जेवनारे सांगतीन." आणि जेवणारे काय सांगणार, दुसऱ्यांदा वरण मागायचे.

आमच्या गल्लीतला दगाभाऊ तेव्हा तरुण होता. आमच्याकडे दगा हे नाव असतं बरं का, त्यावरून माणूस ठरवू नका. तो तळणीपाशी घुटमळायचा. "अक्का, एक बट्टी दे ना, चव देखाले." अक्काने झारा उगारला. "आवतन शे ना तुले? मंग पंगतमा बठ, राजासारखा खाय. चोरासारखा काबर उभा?" तो हसत पळाला. मीही हसले. त्या वाक्यात अक्काचं सगळं दुखणं होतं हे कुठे कळत होतं तेव्हा.

कळलं ते त्याच दिवशी दुपारी. पंगतीवर पंगती उठत होत्या. अक्का शेवटची कढई उतरवून, हात धुऊन, पदर झटकून चालायला लागली. म्हटलं जेवायला बसेल. ती तर सरळ घरी. मला नवल वाटलं. घरी आले तर भिंतीपलीकडून, अक्काच्या छपरातून धूर निघत होता. अख्ख्या गावात चुली बंद, आणि ज्या बाईने गावचं जेवण रांधलं तिची चूल पेटलेली!

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तिचं हे नेहमीचंच. रांधणारीला भूक राहत नाही, मग घरी जाऊन पिठलं-भाकरी खाते. विक्षिप्तच आहे बाई." गल्लीत सगळ्यांनी असंच काहीतरी ठरवून टाकलं होतं. कोणी म्हणे तिला कसलंतरी व्रत आहे, कोणी म्हणे तुपाचा वास सोसत नाही. तिला जाऊन विचारायचं मात्र एकालाही सुचलं नव्हतं.

मी विचारलं. नवी होते, तोंड बांधून ठेवायची सवय लागली नव्हती. अक्का भाकरी थापत होती. म्हणाली, "माले आवतन नही."

"अक्का, अहो तुम्हीच तर सगळं केलंत!"

"काम कराले बलायेल व्हतं. जेवाले कोनी बलायं? नानाना दारशी उभं ऱ्हायनात, वहिनीले कुंकू लावं, चूलबंद सांगं. मना दारवरथीन निंघी गयात. मनी चूल त्यासले दिसत नही. मंग मी पेटाडस. दिसू दे धूर."

एवढंच. ही तिची गोष्ट. गावाच्या हिशेबी ती नानांच्या घरात मोजलेली. बहीणच ती, घरचीच. आणि घरच्या माणसाला कुठे आवतन द्यायचं असतं? असं म्हणत म्हणत सारं गाव तिला घरचं म्हणायचं, आणि त्यामुळे एकाही घरी तिचं पान नव्हतं. बिनआवतनाची ती जेवायची नाही. तिला एकदा, आयुष्यात एकदा, कोणीतरी तिच्या दाराशी उभं राहून ते शब्द म्हणायला हवे होते. बाकी काही मागितलं नाही त्या बाईने.

मी नानांच्या सुनेला सांगून पाहिलं. ती हसली. "अक्कांचं काय मनावर घेता?" नानांच्या नातवाच्या हळदीच्या वेळी तर अक्काने स्वतःच विषय काढला. नाना ओट्यावर बसले होते, मी पाणी भरत होते, म्हणून कानांवर पडलं.

"नाना, बट्टी मी करसू. पन माले आवतन जोयजे. मना दारशी ईसन."

नाना मोठ्याने हसले. वाईट माणूस नाहीत नाना, पण ते हसणं मला अजून आठवतं. "अक्का, तू काय परकी शे का? घरना मानसेसले आवतन कसानं?"

"घरनी शे, तं मनी चूल येगळी काबर शे?"

नाना तंबाखू चोळायला लागले. आणि विषय संपला. संपला म्हणजे त्यांच्यापुरता.

तुम्हाला वाटेल तिने कामाला नकार दिला असेल. मी असते तर दिला असता, झाराबिरा फेकून आले असते. अक्काने बट्टी केली. कणभर कुचराई नाही. नवरदेवाला हळद लागत होती, बायका गाणी म्हणत होत्या, आणि भिंतीच्या अलीकडे सख्खी आत्याआजी चूल फुंकत बसली होती. मला राहवलं नाही. ताट वाढून नेलं, वर केळीचं पान झाकलं. तिने ते पान उचलूनसुद्धा पाहिलं नाही. "ताट नको आनू, जयगाववाली. आवतन आन." मी कुठून आणणार आवतन? ते ज्याचं कार्य त्यानेच द्यायचं असतं.

पुढे पुढे गावाला हुशारी आली. मंगल कार्यालयं आली, धुळ्याचे केटरर आले. बायकांची ती झुंबड मोडली. अक्काला कामालाही कोणी बोलवेना. गरज सरो, वैद्य मरो. ती दाराशी बसून गोधड्या शिवायची आणि रस्त्याने जाणाऱ्याला विचारायची, "बट्टी कशी व्हती रे?" कोणी म्हणालं, "दगडासारखी कडक होती अक्का," की तिचा चेहरा खुलायचा. लपवायची नाही ती. "व्हईनच कडक!" म्हणायची.

मग दगाभाऊच्या मुलीची हळद आली. दगाभाऊ आता मोठा माणूस. शेती, दूध डेअरी, मुलगा नरडाण्याच्या कंपनीत. केटरर चांगला महागातला आणला होता. त्याच्या माणसांनी आदल्या संध्याकाळी बट्ट्या उकडल्या, आणि धूळ बसेल म्हणून गरम गरमच प्लास्टिकच्या कागदाखाली ढीग घालून झाकून ठेवल्या. सकाळी कागद उचलला तर सगळा लगदा. हाताला चिकट, आणि आंबूस वास. गाव जेवायला येणार, आणि बट्टी नाही!

दगाभाऊ धावत अक्काकडे. मागोमाग आम्ही दोघी-चौघी. अक्का चुलीपुढे बसली होती. त्याने हातच जोडले. "अक्का, अब्रू वाचाड."

अक्का उठली. क्षणभर वाटलं, आता मागेल. आता नाही तर कधी? आणि मागितलंच तिने. "मी येस. पन पहिले आवतन दे. मनी चूल देखीसन दे."

दगाभाऊ घामाने निथळत होता. कुंकू कुठे, बायको कुठे! म्हणाला, "अक्का, आज येळ नही व! मनी जबान शे, नवा घरनी वास्तुशांती व्हई, तव्हय पहिलं आवतन तुले. बठ्ठास्ना आगोदर. ह्या बाया साक्षी शेत."

अक्काने त्याच्याकडे पाहिलं. मग पदर खोचला. त्या दिवशी पुन्हा अंगणात बायका जमल्या. पीठ आलं, मनगटं भरून आली, अक्काचा आवाज गल्लीभर घुमला. वारा द्यायला रात्र नव्हती, म्हणून खाटा उन्हात काढून दोन बाजूंनी पंखे लावले. जेवणं उशिरा बसली, पण बसली. लोकांनी बोटं चाटली. आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, दगाभाऊची बायको पाहुण्यांना सांगत होती, "आमच्या अक्कांना बोलवावं लागत नाही. बट्टीचा वास आला की येतातच." पाहुण्या हसल्या. अक्का तिथेच झारा धूत होती. तिने झारा उपडा घातला आणि घरी गेली. चूल पेटवली.

एवढं ऐकूनही ती त्या शब्दावर राहिली, याचा मला आजही राग येतो. तिच्यावर नाही. म्हणजे थोडा तिच्यावरही. वास्तुशांती जवळ आली तशी ती मला रोज विचारायची, "कव्हय शे व दगाना घरनं?" चूल शेणामातीने सारवली. पेटीतलं मोरपंखी लुगडं काढून उन्हात घातलं. मला म्हणाली, "आवतन लई जोडी येई, तं दारशी रांगोयी जोयजे. तुले येस ना काढता?" मी काढून दिली.

वास्तुशांतीच्या दिवशी आम्ही जेवून आलो. गर्दी इतकी की कोण आलं, कोण नाही, कळत नव्हतं. मला वाटलं, अक्का पहिल्या पंगतीला बसून गेली असेल. घरी येताना सवयीने छपराकडे पाहिलं. धूर नव्हता. जीव कसा थंड झाला! म्हटलं, चला, दगाने शब्द पाळला. हसत हसत दारात गेले तिला चिडवायला.

अक्का उंबऱ्याच्या आत बसलेली. मोरपंखी लुगडं, केस चोपून बसवलेले. चूल सारवलेली, कोरडी, थंडगार. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "जोडी कथी पोहोचनी व? आते इकडे येतीन ना?"

पंगती उठून गेल्या होत्या तोवर.

मी तशीच उलट पावली दगाभाऊकडे गेले. काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. तो बिचारा खरोखर गोंधळला. खिशातून फोन काढून मला दाखवतो, "अहो वहिनी, ग्रुपवर टाकेल शे ना! हे देखा. सर्वांना चूलबंद. सर्वांना!" वर म्हणे, आता घरोघर कोण फिरतं? आवतन आम्हालाही ग्रुपवरच आलं होतं, पण मला वाटलेलं, शब्द दिलाय तर अक्काच्या दाराशी तरी जाईल. म्हटलं, अक्काकडे फोन आहे का? "मंग नानाना घरमा शे ना फोन," तो म्हणाला.

पुन्हा नानांचं घर! म्हातारीची चूल फोनमध्येही वेगळी धरली नाही कोणी. मग त्याला एकदम दिलेल्या शब्दाची आठवण झाली. कपाळावर हात मारला, आणि म्हणाला, "थांबा, पार्सल देस." मी नेलं नाही. केटररच्या माणसाकडे देऊन पाठवलं त्याने, मी निघायच्या आधीच.

मी पोहोचले तेव्हा तो डबा ओट्यावर होता, रबर लावलेला. अक्का आत चुलीपुढे वाकून काड्या रचत होती. दिवस कलला होता. नव्या सारवणावर तिने जाळ केला. मी दाराशीच उभी राहिले.

"पार्सलले मनं दार बरोबर सापडनं," ती म्हणाली. एवढंच बोलली दगाभाऊबद्दल.

मग उठली. कोनाड्यातला करंडा घेतला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मोरपंखी लुगड्याचा पदर नीट दोन्ही खांद्यांवर घेतला. माझ्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. मला म्हणाली, आणि एकही शब्द गाळला नाही, "आज मना घर जेवाले या, चूलबंद शे."

मी वरण-बट्टी पोटभर खाऊन आले होते. तरी बसले. तिने भाकरी टाकली, पिठलं केलं, दोन ताटल्या घेतल्या. पहिला घास घेतला आणि कळलं, पिठल्यात मीठच नाही. गावाच्या वरणात डोळे मिटून मीठ टाकणारी बाई ती. अक्काही तेच खात होती, खाली मान घालून. मी मीठ मागितलं नाही. ताटली पुसून खाल्ली.